उघड्या माथ्याचा चार

आगोट लागली की आमच्या रेवदंड्यात कुणाला बसवत नाही. पाऊस दाराशी यायच्या आत चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची, म्हणून जो तो धावत असतो. अंगणात सुकट पसरलेली, सुकटीवर कावळ्यांचा डोळा आणि कावळ्यांवर मंदाचा. मंदा म्हणजे आमची मंडळी. या दिवसांत तिच्या हातात काठी असते आणि तोंडात सगळ्यांसाठी कामं असतात. पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा चढतात, आमच्या मसाल्यानं शेजारचं घर शिंकतं, आणि मला दरवर्षी तेच ऐकावं लागतं, की लोकांच्या बोटी रंगवत फिरता, घरच्या खिडक्यांना कधी हात लावणार.

यंदाही हे सगळं झालं. सुकट झाली, कांदे झाले, खिडक्या राहिल्या. फक्त खाडीकडून येणारा एक आवाज यंदा नव्हता. दुपारची भरती चढायला लागली की मी ब्रश थांबवून कान देई, आणि मग आठवे, की अरे, आता तो यायचा नाही. कट्, कट्, कट्. विंचच्या दातेरी चाकावर लोखंडी खटका पडण्याचा आवाज. बोट पाण्यातून वर ओढताना तो खटका एकेका दातावर बसत जातो आणि ओढलेलं वजन मागे सरकू देत नाही. खाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं, की कटकट चालू आहे तोवर खुशाल बिडी ओढा. ती थांबली आणि बोट अजून वर आलेली नसली, तर मागे न बघता पळा. एकाच आगोटीत तो आवाज माझ्या कानात इतका बसला, की अजून घड्याळाची टिकटिकसुद्धा मला सहन होत नाही. मंदानं भिंतीवरचं घड्याळ आतल्या खोलीत नेऊन ठेवलंय.

मी पेंटर. बोटींची नावं आणि नंबर रंगवतो. मासेमारी बंद झाली, बोटी वर आल्या, की माझे दिवस सुरू होतात, ते नारळी पौर्णिमेला संपतात. नाव मराठीत, नंबर इंग्रजीत, असा आमच्या बोटींचा संसार. त्यामुळे एकाच हाताला दोन्हीकडची वळणं सवयीची झालेली. पण माझी खरी आवड बोटी नव्हेत. खरी आवड उठावाची अक्षरं. जुन्या यंत्रांवर लोखंड ओततानाच साच्यातून वर आलेली असतात ती. भाताच्या गिरणीवर, हातपंपावर, शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर. कारखाना बुडालेला असतो, ओतणारे केव्हाच गेलेले असतात, आणि अक्षरं मात्र तशीच उभी असतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता येतात.

या अक्षरांचं काम मला वडिलांनी शिकवलं. ते म्हणत, उठावाच्या अक्षराला रंग लावायचा नसतो, दाखवायचा असतो. त्यासाठी त्यांचा एक ठोकळा होता, सागाचा, मुठीत मावेल एवढा, त्यावर ट्रकच्या ट्यूबचं रबर ताणून ठोकलेलं. पत्र्यावर रंग पातळ पसरायचा, ठोकळा त्यावर टेकवायचा, आणि मग यंत्रावरून हलक्या हातानं सपाट न्यायचा. जिथं लोखंड वर आहे तिथंच रंग बसतो, खोलगट भाग कोरा राहतो. ब्रश त्यांना या कामाला चालत नसे. ब्रश धरला की हात आपल्या मनातलं लिहितो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आहे. एका गिरणीवर 'भरडाई' असं ओतलेलं होतं. कुणा हौशी माणसानं ब्रशनं रंगवताना त्याचं 'मरडाई' करून ठेवलं, आणि पुढे सगळा गाव वर्षानुवर्षं मरडाईला जात होता. वडिलांनी ठोकळा फिरवला तेव्हा भ उमटला. गिरणीवाला म्हणाला, राहू द्या, लोकांना सवय झालीय.

तो ठोकळा आता माझ्याकडे आहे. रबर दोनदा बदललं, लाकूड तेच.

गेल्या वर्षीची आगोट सुरू व्हायच्या आधी रहीमभाईनं ते विंच आणलं. रहीमभाई माझा शाळेपासूनचा दोस्त. खाडीच्या काठाला त्याचं वर्कशॉप आहे, एक लेथ, एक ड्रिल, आणि कोपऱ्यात शकीलाभाभींच्या कोंबड्या. काही वर्षं आखातात काढून परत आला तो इथंच थांबला. डावखुरा, तिरसट, आणि यंत्रांशी बायकोपेक्षा गोड बोलणारा. हे शेवटचं माझं नाही, भाभींचं मत आहे. न्हावा शेव्याच्या बाजूला कुठल्याशा भंगाराच्या ढिगात त्याला ते विंच दिसलं आणि हा भुलला. टेम्पोतून उतरवलं तेव्हा गंजाचा नुसता गोळा होता. दोन बाजूंना ओतीव लोखंडाच्या दोन जाड चौकटी, मध्ये दोर गुंडाळायचा रूळ, बाजूला दातेरी चाकं. रहीमभाई त्याच्याभोवती असा फिरला, की जणू नवरी बघायला आलाय.

वैशाखाच्या उन्हात आम्ही दोघं ते घासत होतो. डिझेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. अंगाला असा वास लागला, की मंदा माझं ताट पडवीत वाढायची. रंगाचे थर निघत होते. वर काळा, त्याखाली राखी, त्याखाली निळा, मग पुन्हा काळा. प्रत्येक थर म्हणजे एक मालक, असं माझ्या मनात आलं. एवढ्या मालकांनी एवढं चांगलं विंच हौसेनं रंगवलं आणि मग विकून का टाकलं? मी हे बोलून दाखवलं. रहीमभाई म्हणाला, की तुझ्या तोंडाला जन्मतःच शनी लागलेला आहे. मी गप्प बसलो, पण तो प्रश्न काही गप्प बसेना. लोखंडाला हात लावला की उन्हातसुद्धा ते आतून गार लागायचं. ओतीव लोखंड असतंच तसं म्हणा. तरी मला ते आवडलं नाही.

त्याचं हँडल रहीमभाईनं काढून टाकलं आणि पट्टा चढवून मोटर बसवली. म्हणजे मग चार माणसं लागायला नकोत. दांडा ओढला की चाक फिरणार, दांड्याशी एकच माणूस उभा राहणार, आणि तो माणूस रहीमभाई. मला तेव्हाही वाटलं, की हँडल मारणाऱ्याच्या हाताला वजन कळतं, मोटरला काय कळणार. हे मात्र मी बोललो नाही. शनी फार झाला असता.

विंचच्या एका चौकटीवर वरच्या अंगाला कमानीत अक्षरं होती. सुरुवातीची खाऱ्या हवेनं खाऊन टाकलेली, शेवटी फक्त 'लोखंडी ओतकाम' एवढं राहिलेलं. खाली एकच आकडा होता, वितभर उंचीचा, रंगाच्या थरांनी भरून गेलेला. त्याच्या पुढचा शब्द कुणीतरी छिन्नीनं उडवलेला. विंच टेम्पोतून उतरलं तेव्हापासून सगळे म्हणत होते, आठ. आठ टनी विंच. कुणी ठरवलं नाही, बघताक्षणी सगळ्यांना आठ दिसला. रहीमभाईनं नाक्यावर सांगितलं, बंदरावर सांगितलं, कोर्लईच्या बोटवाल्या नाखव्यांना सांगितलं. नाखवे खूश झाले. बोटींना फायबर चढलंय, इंजिनं मोठी झालीत, आता माणसांनी ओढून बोट वर येत नाही. आठ टन म्हणजे कुठलीही बोट आली.

हिरवा रंग सुकल्यावर मी ठोकळा घेऊन बसलो. पांढरा एनॅमल पत्र्यावर पसरला. कमानीवरून ठोकळा नेला आणि 'लोखंडी ओतकाम' असं लखलखून वर आलं, की रहीमभाईनं स्वतः चहा आणला. मग आकड्यावरून नेला. खालचा गोल उमटला. त्याच्यावरची फुली उमटली. आणि मग दोन दांड्या सुट्या सुट्या वर गेल्या, कुणी दोन्ही हात वर करून उभं राहावं तशा. माथा मिटलाच नाही. मी पुन्हा एकदा ठोकळा नेला. पुन्हा तेच. मग बोट घालून पाहिलं. दोन दांड्यांमधली जागा खाल्लेली नव्हती, गुळगुळीत होती, साच्यातून आलेली होती.

मराठी चार आणि इंग्रजी आठ यांच्यात केवढासा फरक आहे हो? वरचं झाकण आहे की नाही, एवढाच. मांडव्याला लाँचमधून उतरलेली मुंबईची मंडळी पाटीवरचा ४ वाचून आठ नंबरच्या गाडीची चौकशी करत फिरतात, आम्ही त्यांना हसतो. आणि इथं आमचाच अख्खा गाव, ज्याच्या पाटीवर पहिल्यांदा हाच चार गिरवला गेला, तो चारला आठ म्हणत होता. सगळं नाव मराठीत ओतणारा माणूस आकडा तेवढा इंग्रजीत कशाला ओतेल? हा विचार आला आणि मी ठोकळा खाली ठेवला.

रहीमभाईला दाखवलं. त्यानं बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, की वरचा भाग गंजानं गेला असणार. मग म्हणाला, की उचलायचं वजन वेगळं आणि ओढायचं वेगळं, आपण थोडंच बोट हवेत उचलतोय. मग म्हणाला, की जुन्या लोकांनी चार लिहिलं तर आठ पेलेल असंच बनवलेलं असतं. एकाच माणसाला एका गोष्टीसाठी तीन कारणं लागली की समजावं, त्याला एकही पटलेलं नाही. खरं कारण त्याच्या चेहऱ्यावर होतं. चार गावांत आठ म्हणून सांगून बसला होता. आता कुठल्या तोंडानं चार म्हणायचं?

आगोट लागली आणि लहान होड्या वर यायला लागल्या. कट्, कट्, कट्. सुरळीत. रहीमभाई दांड्याशी उभा, बिस्मिल्ला म्हणून ओढायचा आणि बोट ओंडक्यांवरून आज्ञाधारक बैलासारखी वर यायची. लोक बघायला जमायचे. मी पलीकडे कुणाच्या तरी बोटीवर नाव काढत बसलेला असायचो, आणि माझं अक्षर कटकटीच्या तालावर चालायचं. मध्ये जरा आवाज लांबला की माझी वेलांटी थरथरायची. त्या वर्षीच्या निम्म्या बोटींची वेलांटी वाकडी आहे, बघा हवं तर. वर आकाश गढूळ होत चाललं होतं, वारा दर्याकडून फिरला होता, आणि सगळं इतकं चांगलं चालू होतं, की मला भीती वाटत होती.

मग हिराजी नाखव्याच्या बोटीची पाळी आली. बंदरातली सगळ्यात मोठी बोट, नवं इंजिन, दुप्पट जाळी. ती अमावास्येच्या मोठ्या भरतीला घ्यायची ठरली. आदल्या दिवशी दुपारी मी विंचवरची अक्षरं पुन्हा उजळायला गेलो. दोराच्या ग्रिसनं ती काळी पडली होती. पुसली, पत्र्यावर रंग पसरला, ठोकळा फिरवला.

आठ उमटला.

माझा विश्वास बसेना. माथा मिटलेला होता, नीट गोल, उंचीला अगदी बाकीच्या अक्षराएवढा. बोट फिरवलं तेव्हा कळलं. दोन दांड्यांच्या मध्ये पुट्टी भरून, ती वर आणून, कानशीनं घासून झाकण बसवलेलं होतं. वरून हिरवा रंग. कानशीच्या रेघा उजवीकडून डावीकडे उतरत होत्या, आणि आमच्या खाडीवर डावखुरा मिस्त्री एकच आहे. मला इतका संताप आला, की हातातला पत्रा खाली पडला. वडिलांच्या ठोकळ्याला आजवर कुणी खोटं बोलायला लावलं नव्हतं.

रहीमभाई लेथपाशी होता. मी हाक मारली नाही, तोच आला. पडलेला पत्रा त्यानं उचलून दिला.

"मला ठाव हाय पेंटर, तो चारच हाय," तो म्हणाला. "पन लोकान्ला आठ बघून धीर येतो. आनि त्याच्याजवल उभा तर मीच रातो ना? दुसरा कोन रातो?"

"म्हनूनच बोलतोय ना रं," मी म्हणालो.

मी पिशवीतून पत्री काढली आणि पुट्टी खरवडायला बसलो. त्यानं अडवलं नाही. सगळी निघाली तेव्हा मी पुन्हा हिरवा लावला, तो सुकेपर्यंत तिथंच बसून राहिलो, आणि मग पांढरा रंग दाखवला. दोन हात पुन्हा वर झाले. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. भाभींनी आतून विचारलं तर, पेंटर घाईत हाय, असं याचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी भरती चढत असताना खाडीवर जत्रा जमली होती. हिराजी नाखवा पाण्यातून ओरडून सूचना देत होता. दोर लागला, ताणला गेला. मी गर्दीतून निघालो आणि रहीमभाईच्या बाजूला दांड्याशी जाऊन उभा राहिलो. ठरवून गेलो नव्हतो. पाय गेले. तो म्हणाला, बाजूला हो. मी म्हटलं, तू झालास की मी होतो. त्याचा दांड्यावरचा हात सैल पडलेला मला दिसला. आदल्या दिवसापर्यंत चौकटीपाशी एकटा रहीम होता, आणि एकट्याच्या जिवाचा सौदा त्यानं मनातल्या मनात केव्हाच करून टाकलेला होता. माझ्या जिवाचा त्याला करता येईना.

मग त्यानं पाण्याकडे तोंड करून हाक दिली, की इंजिन काढा, जाळी उतरवा, बर्फाच्या पेट्या उतरवा, नाहीतर बोट ओढणार नाही. केवढा गिल्ला झाला! भरती काय कुणासाठी थांबते? हिराजीनं आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण इंजिन निघालं, जाळी उतरली. हलकी झालेली बोट दोराला लागली. कट्. कट्. दोन आवाजांमध्ये एवढी जागा पडत होती, की तेवढ्यात माणूस आपल्या घरच्यांची नावं घेऊन येईल. अर्ध्यावर चौकटीतून एक बारीक आवाज आला, सुकलेला बांबू उन्हात तडकतो तसा. रहीमभाईनं माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. बोट वर आली.

लोक टाळ्या पिटत बोटीकडे धावले. आम्ही दोघं तिथंच. रहीमभाई खाली वाकून आकड्याकडे बघत होता. कालच्या ताज्या पांढऱ्या रंगात, दोन हातांच्या बेचक्यातून सुरू होऊन फुलीतून खाली, एक केसाएवढी काळी रेघ गेली होती. त्यानं अंगठा ओला करून ती पुसून पाहिली. केस असता तर पुसला गेला असता. त्यानं मोटरचं बटण बंद केलं आणि पट्टा उतरवून खांद्यावर टाकला. इंजिन आणि जाळी उतरवून ही गत, मग सगळं वजन आत असतं तर काय झालं असतं, हे दोघांनाही कळत होतं. उरलेल्या बोटी त्या वर्षी माणसांनी ओढल्या, मोठ्या बोटी खाडीतच बांधून राहिल्या, आणि नाक्यावर महिनाभर सगळे आमच्या नावानं बोटं मोडत होते.

पावसानंतर त्यानं विंच भंगारवाल्याला दिलं. मी म्हटलं, आधी घण घालून फोड. तो म्हणाला, माझ्यानं नाही होणार. ज्या लोखंडाचा महिनाभर गंज काढला, ज्याला आपल्या हातानं रंग दिला, त्याच्यावर घण कसा घालायचा? त्यानं भंगारवाल्याकडून कबूल करून घेतलं, की उतरवल्या उतरवल्या तुकडे करायचे. भंगारवाल्यानं कान पकडले. आपल्याकडे कान पकडणाऱ्यावर लोक पटकन विश्वास ठेवतात.

यंदाची आगोट लागली. मांडव्याच्या अलीकडच्या एका खाडीतला नाखवा माझ्याकडे आला, बोटीला चिकटवायला मुलीच्या नावाची अक्षरं कापून हवी होती. बसल्या बसल्या सांगू लागला, की आता त्यांच्याकडे सोय झालीय, एक जुनं विंच आणलंय कुणी, असलं देखणं, हिरवंगार, वर पांढरी अक्षरं. मी विचारलं, केवढं आहे? तो कौतुकानं म्हणाला, आठ टनी. आणि आजच्या भरतीला पहिली मोठी बोट घेतायत.

मी तसाच रहीमभाईकडे गेलो. एवढंच सांगितलं. त्यानं लेथ बंद केला. भाभी दारात आल्या, त्यांना काही न सांगता त्यानं कोपऱ्यातला घण उचलला आणि स्कूटरच्या पुढ्यात ठेवला. मी पिशवी खांद्याला लावली होती, तिच्यात ठोकळा होता. तो कशाला घेतला ते मला सांगता येणार नाही. अलिबाग मागे पडलं. आभाळ शिशासारखं खाली आलं होतं आणि रस्त्यावरच्या आंब्यांना वारा लागत नव्हता. खाडीच्या वळणावर तो आवाज कानावर आला. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग कट्.

बोट अर्ध्यावर होती. दोर ताठ. दांड्याशी तिशीतला एक माणूस उभा, नवीन मालक, हसरा चेहरा, डोक्याला रुमाल. आजूबाजूला माणसं मजेत टेकलेली, एकजण तर चौकटीवरच कोपर ठेवून. आणि चौकटीवर पांढराशुभ्र आठ, ब्रशनं घोटून काढलेला. वजन लागलेलं असताना विंच मध्येच सोडता येत नाही, आणि ओरडावं तर तो दचकून दांडा सोडायचा. रहीमभाईनं घण वाळूत ठेवला, तोंडावर हसू आणलं आणि जवळ गेला. बाकीच्यांना म्हणाला, जरा लांब व्हा, दोर उडतो कधी कधी. ती माणसं उठली.

"काका, टेन्शन नका घेऊ, आठ टनी आहे," तो तरुण म्हणाला.

"हाय ना. माहीत हाय मला. तुजा हात भरला असंल बाबा, जरा मी धरतो," रहीमभाई म्हणाला, आणि त्यानं दांड्यावर हात ठेवला.

तो तरुण बाजूला झाला. मी रहीमभाईच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. या खेपेला त्यानं मला हट म्हटलं नाही. बिस्मिल्ला म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला. मी आकड्याकडे बघत होतो. मला मंदाची आठवण येत होती, आणि खिडक्यांची.

बोट वर आली. आवाज थांबला. दोर सैल पडला.

मी खाली वाकून नखानं आठाचा माथा उचकला. पुट्टीची खपली अख्खी हातात आली, विकण्यासाठी भंगारवाल्यानं भरलेली असणार. पाण्यात पुढची बोट लागली होती आणि तिच्यावरचा नाखवा ओरडत होता, की भरती उतरतेय, लवकर दोर टाका. त्या तरुणानं खपली बघितली, आकडा बघितला, पण त्याला काही उमगलेलं दिसलं नाही. म्हणाला, चार तर चार काका, एक बोट घेऊ द्या.

रहीमभाईनं वाळूतला घण उचलला. आता हा सगळी ताकद लावणार म्हणून मी मागे सरकलो. पण त्याच्यानं मारवलाच नाही. घण त्यानं नुसता वर नेला, एक क्षण धरला, आणि चौकटीवर सोडून दिला. नारळ फोडायलासुद्धा माणूस याहून जोर लावतो. ती जाड चौकट चारच्या बेचक्यातून थेट बुडापर्यंत उभी दुभंगली, तिचं एक अंग वाळूत पडलं, आणि चाकं, रूळ, मोटर, सगळं त्याच्यावर कलंडलं. आत जुन्या तड्याचं लोखंड गंजून काळं झालेलं होतं, फक्त कडेला बोटभर जागा नवी, चकचकीत होती. तेवढ्या बोटभर जागेनं आत्ता ती बोट वर आणली होती.

ज्यानं चौकटीवर कोपर टेकवलं होतं, तो आपलं कोपर दुसऱ्या हातानं चोळत उभा होता. तो तरुण खाली बसला. पाण्यातला नाखवा अजून ओरडत होता, दोर टाका, दोर टाका. मग त्यालाही दिसलं असावं, कारण त्यानं मुकाट्यानं नांगर टाकला.